कोठडीतला मृत्यू : पुरावा कोणाच्या हाती?

पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाचा मृत्यू होतो तेव्हा घटनास्थळ पोलिसांचे असते, हजर असलेले साक्षीदार बहुतेक पोलीसच असतात, त्या रात्रीच्या नोंदीही पोलिसांनीच केलेल्या असतात आणि संशयही त्यांच्यावरच असतो. एरवी खुनाचा तपास बाहेरून आत जातो. कोणी पाहिले, कोणी ऐकले, हत्यार कुठे मिळाले, असे विचारत पोलीस संशयितापर्यंत पोहोचतात. इथे दार आतून बंद असते आणि किल्ली संशयिताकडे असते. म्हणूनच कोठडीतील मृत्यूंविषयीचा कायदा बराचसा पुराव्याचा कायदा आहे. कोणती नोंद कोणी, किती तासांत, कोणासमोर करायची आणि ती नसेल तर काय समजायचे, हे ठरवण्यात त्याची बरीच शक्ती खर्च झाली आहे.

‘कोठडी’ हा शब्द व्यवहारात एकच असला तरी न्यायालयात तिचे दोन प्रकार होतात. अटकेनंतर चौकशीसाठी आरोपी पोलिसांच्या ताब्यात दिला, तर ती पोलीस कोठडी, वकिलांच्या बोलण्यातली ‘पीसीआर’. पुढे त्याची रवानगी कारागृहात झाली की ती न्यायालयीन कोठडी, ‘एमसीआर’. अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. हा नियम राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ मध्येही आहे. या संहितेप्रमाणे पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. जुन्या कायद्यात हे १५ दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपत असत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ते गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेण्याची मुभा दिली. आरोपी कारागृहातून पुन्हा पोलिसांकडे येऊ शकतो. त्यामुळे अंगावरची अमुक जखम कोणाच्या ताब्यात असताना झाली, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड होण्याची शक्यता आहे.

मृत्यूनंतर पोलिसांकडून येणाऱ्या कहाण्या ठरावीक असतात. आरोपी पळून गेला, पळताना रेल्वेखाली सापडला, त्याने गळफास घेतला, किंवा त्याच्या छातीत दुखू लागले. या कहाण्या प्रत्येक वेळी खोट्याच असतात असे नाही. कोठडीत खरोखरच्या आत्महत्या होतात आणि आजारानेही माणसे मरतात. पण कहाणी तपासायची कशी, याचा वस्तुपाठ ओडिशातल्या एका प्रकरणाने घालून दिला. डिसेंबर १९८७ मध्ये सुंदरगढ जिल्ह्यात सुमन बेहेरा या २२ वर्षांच्या तरुणाला चोरीच्या तपासात चौकीत आणले गेले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेमार्गावर मिळाला. बांधलेली दोरी दातांनी कुरतडून तो पहाटे पळाला आणि गाडीखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे होते. आई नीलाबती बेहेरा यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष निर्णायक ठरली. अंगावरच्या जखमा लाठीच्या माराने होण्यासारख्या होत्या, रेल्वे अपघाताच्या नव्हत्या. शिवाय कैदी खरोखर पळाला असता तर पोलिसांनी त्याचा कसून शोध घेतला असता, आणि तसा शोध घेतल्याचे काही दिसत नव्हते. २४ मार्च १९९३ रोजी न्यायालयाने आईला दीड लाख रुपये भरपाई दिली. जगण्याचा मूलभूत अधिकार मोडल्याबद्दल सरकारने थेट पैसे द्यायचे, सार्वभौमत्वाची ढाल पुढे करायची नाही, हे तत्त्व त्या निकालाने पक्के झाले.

‘पळून गेला’ ही कहाणी महाराष्ट्रालाही ओळखीची आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत लुटीच्या संशयावरून पकडलेल्या अनिकेत कोथळे याच्याबाबत, तो आणि त्याचा साथीदार ताब्यातून पळाले, असे आधी सांगण्यात आले. साथीदार हाती लागल्यावर चित्र उलटले. कोठडीत मारहाणीने अनिकेतचा जीव गेला आणि मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आला, असा आरोप ठेवून उपनिरीक्षकासह अनेकांना अटक झाली. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. हे प्रकरण उघडे पडले ते आतला एक बिगरपोलीस साक्षीदार जिवंत राहिला म्हणून. बहुतेक प्रकरणांत असा साक्षीदार नसतो. असला तरी तोही कोठडीतच असतो आणि त्याचा जामीन, त्याचा खटला, घरच्यांची सुरक्षितता हे सारे ज्यांच्याविरुद्ध बोलायचे त्यांच्याच हाती असते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मध्य प्रदेशातल्या श्यामसुंदर त्रिवेदी खटल्यात हेच नोंदवले. पोलिसांच्या कृत्याचा प्रत्यक्ष पुरावा क्वचितच मिळतो, सहकाऱ्याविरुद्ध पोलीस सहसा तोंड उघडत नाहीत, आणि अशा वेळी संशयातीत पुराव्याचा अवास्तव आग्रह धरणे म्हणजे न्याय नाकारणे, असा त्या निकालाचा आशय आहे. बोलू शकणाऱ्या वस्तू दोनच उरतात. एक कागद, दुसरे शरीर.

कागदाची सुरुवात अटकेच्या क्षणी होते. डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधून सरन्यायाधीशांना पत्र पाठवले होते. त्यावर १८ डिसेंबर १९९६ रोजी आलेल्या निकालात ११ आदेश होते आणि त्यातले बरेच आता कायद्यात उतरले आहेत. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव नीट वाचता येईल अशी पट्टी हवी. अटकेची नोंद जागेवरच तयार करून तिच्यावर घरातल्या एकाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, त्यात तारीख आणि वेळ घालायची आणि आरोपीची सही घ्यायची. ताब्यात घेतल्याची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला द्यायची. आरोपीने मागणी केली तर अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची तपासणी करून त्या टिपणावर त्याची आणि पोलिसाची सही घ्यायची आणि प्रत त्याला द्यायची. ताब्यात असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून तपासणी करायची. संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासून जखमा आणि त्या अंदाजे केव्हा झाल्या हे लिहायचे असते, आणि त्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी.

या कागदांचे मोल मृत्यू झाल्यावर कळते. अटकेच्या वेळच्या तपासणीत ‘अंगावर जखम नाही’ असे लिहिले असेल आणि चौथ्या दिवशी शवविच्छेदनात पाठीवर व मांड्यांवर वळ दिसले, तर मधले चार दिवस कोणाचे, एवढाच प्रश्न उरतो. तपासणी झालीच नसेल तर ‘जखमा आधीच्या होत्या’ हे उत्तर मोकळे राहते. म्हणून अटकेची वेळ लांबवणे ही जुनी युक्ती आहे. माणसाला ‘चौकशीसाठी’ बोलावून बसवून ठेवायचे आणि अटक दुसऱ्या दिवशी दाखवायची. स्टेशन डायरीत नाव नाही, म्हणजे तो माणूस ठाण्यात नव्हताच. या बिनकागदी तासांतच सर्वाधिक धोका असतो.

ते तास पकडायला कॅमेरा उपयोगी पडतो, आणि या मागणीचा एक धागा महाराष्ट्रातूनच निघाला. एप्रिल २०१४ मध्ये वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यात असलेल्या अॅग्नेलो वाल्दारिस या तरुणाचा मृत्यू झाला. पळताना लोकलखाली आला, ही तिथलीही पोलिसांची कहाणी. वडिलांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिलाच, शिवाय राज्यातल्या पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचे निर्देश दिले. पुढे २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी तपशील ठरवले. प्रवेशद्वार, लॉकअप, मार्गिका, अधिकाऱ्यांच्या खोल्या असा कुठलाही भाग कॅमेऱ्याबाहेर राहू नये, रात्री दिसावे, आवाजही नोंदवला जावा आणि चित्रण १८ महिने जपावे. तेवढी सोय नसेल तर निदान एक वर्ष. कागदावर हा आदेश अगदी चोख आहे. प्रत्यक्षात नेमक्या त्या रात्रीचे चित्रण ‘तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही’ असे उत्तर न्यायालयांना वारंवार मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंच्या बातमीनंतर सर्वोच्च न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. आदेश मोडल्याचा फटका कोणाला, हे न ठरवता दिलेल्या आदेशाचे असेच होते. चित्रण गहाळ झाले तर ते पोलिसांच्या विरोधात धरावे, एवढा साधा नियम असता तर कॅमेरे आपोआप दुरुस्त राहिले असते.

दुसरा साक्षीदार म्हणजे शरीर. मृत्यूची खबर मिळताच अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि मरणोत्तर पंचनामा होतो. एरवी हे काम पोलीस करतात. कोठडीतल्या मृत्यूत मात्र कायदा ते त्यांच्या एकट्याच्या हाती ठेवत नाही. पूर्वी तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी, म्हणजे महसूल खात्याचे दंडाधिकारी, चौकशी करत. पोलीस आणि महसूल ही एकाच जिल्हा प्रशासनाची दोन अंगे असल्याने त्या चौकशीवर लोकांचा फारसा भरवसा नव्हता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या २००५ च्या दुरुस्तीने, २३ जून २००६ पासून, ही चौकशी न्यायालयीन दंडाधिकाऱ्यांकडे गेली. आताच्या संहितेत ती कलम १९६ खाली येते. पोलिसांच्या तपासाला जोडून ही स्वतंत्र चौकशी होते. शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून तिला हजर राहू द्यायचे असते आणि मृतदेह २४ तासांच्या आत जवळच्या शल्यचिकित्सकांकडे पाठवायचा असतो.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्थापनेनंतर दोनच महिन्यांनी, १४ डिसेंबर १९९३ रोजी, राज्यांना कळवले की कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूची खबर २४ तासांत आयोगाकडे यावी. उशीर झाला तर प्रकरण दडपण्याचा प्रयत्न झाला असे समजले जाईल. १९९५ मध्ये शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्याची सूचना आली. १९९७ मध्ये नमुना शवविच्छेदन अर्ज आला. त्यामागे संयुक्त राष्ट्रांच्या मिनेसोटा नियमावलीचा आधार होता. जुन्या छापील अर्जांत कोठडीतल्या छळाच्या खुणा टिपण्याची सोयच नव्हती.

त्या खुणा सहज दिसत नाहीत, हेच खरे तर समजून घेण्यासारखे आहे. लाठीच्या किंवा पट्ट्याच्या फटक्याने त्वचेवर दोन समांतर लाल रेषा उमटतात आणि मधली पट्टी फिकी राहते, कारण दाबाखालचे रक्त दोन्ही कडांना सरकते. अशी जोडरेषा दिसली की न्यायवैद्यक तज्ज्ञाला हत्यार लांबट होते हे कळते. पडल्याने किंवा आपटल्याने तशी रेषा उमटत नाही. पण तळपायावर मारले तर? तिथली कातडी जाड असते, वरून सूज किंवा थोडा रंगबदल एवढेच दिसते. रक्तस्राव आतल्या मऊ भागात साचतो. तळव्याला, पोटरीला, मांडीला आणि पाठीला उभी चीर देऊन आत पाहिले तरच तो सापडतो. घाईच्या शवविच्छेदनात डोके, छाती आणि पोट उघडले जाते, तळवे राहून जातात. काही वळ मृत्यूनंतर काही तासांनी अधिक ठळक होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणे उपयोगाचे ठरते. वळाचा रंग लाल, निळसर काळा, हिरवट, पिवळा असा बदलत जातो. त्यावरून दिवसाचा नेमका हिशेब सांगणे धोक्याचे असते. पण पिवळा पडलेला वळ कालच्या रात्रीचा नाही, एवढे निश्चित सांगता येते.

त्याहून फसवा असतो उशिरा येणारा मृत्यू. सलग मारहाणीने स्नायू चिरडले की त्यातला एक घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाच्या नळ्या तुंबतात. एकही हाड मोडलेले नसते, डोक्याला मार नसतो. लघवी काळपट होते, कमी होते आणि दोनतीन दिवसांनी माणूस दगावतो. तोवर तो अनेकदा पोलीस कोठडीतून न्यायालयीन कोठडीत गेलेला असतो. मृत्यू कारागृहाच्या नावावर लागतो आणि दाखल्यावर ‘मूत्रपिंड निकामी’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ असे येते. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. ते मृत्यूचे कारण नव्हे, मृत्यूचे वर्णन आहे. मूत्रपिंडाचा आणि स्नायूंचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर खरे कारण कळते. म्हणूनच केवळ विषबाधेसाठी व्हिसेरा राखून ठेवणे अशा प्रकरणांत पुरेसे नसते.

‘त्याला आधीपासून आजार होता’ हा बचावही कायद्याने फारसा उचलून धरलेला नाही. सदोष मनुष्यवधाच्या व्याख्येला जोडलेले पहिले स्पष्टीकरण, आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम १००, सांगते की आजारी किंवा अशक्त माणसाला इजा करून त्याचा मृत्यू लवकर ओढवला, तर तो मृत्यू त्या इजेनेच झाला असे समजले जाते. दुबळे हृदय हा मारणाऱ्याचा बचाव होत नाही.

मराठवाड्यातल्या अलीकडच्या प्रकरणात हे सगळे मुद्दे एकाच वेळी उभे राहिले. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकासमोरच्या डॉ. आंबेडकर पुतळ्याजवळील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात कायद्याचे शिक्षण घेणारा ३५ वर्षांचा सोमनाथ सूर्यवंशी होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी असा त्याचा प्रवास झाला. १५ डिसेंबरला कारागृहातून रुग्णालयात नेल्यावर त्याचा मृत्यू झाला. छातीत कळ आली असे सांगण्यात आले. त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही आणि त्याला श्वसनाचा आजार होता, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले. दुसरीकडे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयातल्या शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे आलेला धक्का हे मृत्यूचे कारण लिहिले होते.

तक्रार केली नाही म्हणून मार बसला नाही, हा युक्तिवाद न्यायालयात रोज ऐकू येतो. दंडाधिकारी विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” आणि आरोपीच्या शेजारी त्याला आणणारे पोलीस उभे असतात. पुन्हा त्यांच्याच गाडीतून परत जायचे असते. तिथे मिळालेल्या ‘नाही’ला फार वजन देता येत नाही. हा प्रश्न पोलिसांना बाहेर काढून, आरोपीला पुढे बोलावून विचारला तर त्याचा अर्थ बदलतो.

सूर्यवंशी प्रकरणातल्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही गुन्हा दाखल झाला नाही, आणि इथे कायद्यातली फट दिसली. कलम १९६ चौकशी करायला सांगते, पण अहवालात पोलीस दोषी दिसले तर पुढे काय, हे सांगत नाही. आईच्या याचिकेत अॅड. प्रकाश आंबेडकर यांनी हाच मुद्दा लावून धरला. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्या. विभा कंकणवाडी आणि न्या. संजय देशमुख यांनी, आईच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तिथेही तो आदेश कायम राहिला. मृत्यू आणि प्रथम खबर यांच्यात साडेसात महिने गेले. कोठडीबाहेरच्या कुठल्याही संशयास्पद मृत्यूत इतका उशीर फिर्यादी पक्षाच्या मुळावर आला असता.

बदलापूर लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे याच्या मृत्यूतही दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने वेगळे चित्र समोर आणले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलीस गाडीत त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली आणि स्वसंरक्षणात त्याला मारावे लागले, असे पोलीस सांगत होते. पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते. चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. पुढे आईवडिलांनी खटला चालवायचा नाही असे न्यायालयात सांगितले, तरी उच्च न्यायालयाने याचिका सोडली नाही. फिर्यादी थकतो, घाबरतो, कधी त्याला फक्त निवांत जगायचे असते. त्यावर गुन्ह्याचे भवितव्य ठरू नये, ही भूमिका महत्त्वाची आहे. मृतावर असलेला आरोप कितीही किळसवाणा असला तरी त्याचा निकाल गाडीत लावायचा नसतो.

पुराव्याचा भार कोणावर, हा या विषयाचा गाभा, आणि तो ४० वर्षे तसाच पडून आहे. १९८५ मध्ये रामसागर यादव खटल्यात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने सरकारला सुचवले की कोठडीतल्या अत्याचारात पुराव्याचा भार बदलण्याचा विचार व्हावा. उत्तर प्रदेशातला एक शेतकरी लाच मागितल्याची तक्रार करून बसला आणि ठाण्यात जिवाला मुकला, असे ते प्रकरण होते. त्याच वर्षी विधी आयोगाने ११३ व्या अहवालात पुरावा कायद्यात ११४-ब हे नवे कलम सुचवले. ताब्यात असताना इजा झाली असा पुरावा असेल, तर ती त्या काळात ताबा असलेल्या अधिकाऱ्याने केली असे न्यायालय गृहीत धरू शकेल, असे ते कलम होते. २०१७ च्या २७३ व्या अहवालात आयोगाने पुन्हा तेच सांगितले. २०२३ मध्ये संपूर्ण पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला, तेव्हाही हे कलम त्यात आले नाही. आजही न्यायालये ‘जी गोष्ट ज्याच्या खास माहितीतली, ती सिद्ध करणे त्याच्याकडे’ या सर्वसाधारण नियमावर, आताच्या कलम १०९ वर, काम भागवतात. घराच्या चार भिंतींआड पत्नीचा मृत्यू झाला तर पतीला स्पष्टीकरण विचारताना हाच नियम लावतात. ठाण्याच्या भिंतींना तो लावताना मात्र न्यायालयागणिक हात आखडता किंवा सैल होतो.

दुसरा अडसर म्हणजे खटल्याची पूर्वपरवानगी. सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ खाली सरकारची मंजुरी लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये मुदतीचीही अट आहे. कबुलीसाठी मारहाण करणे हे कर्तव्य होऊच शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच आत्माराम प्रकरणात १९६६ मध्ये सांगून ठेवले आहे. तरी मंजुरीचा मुद्दा प्रत्येक खटल्यात निघतो आणि वर्षे खातो. छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदाही देशात नाही. भारताने १९९७ मध्ये छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, पण तो अद्याप स्वीकारलेला नाही. २०१० चे विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडकले आणि बाद झाले.

परवानगीने काय होते, हे परभणीच्याच आणखी एका तरुणाच्या प्रकरणात पाहायला मिळते. ख्वाजा युनूस हा दुबईत नोकरी करणारा अभियंता २००२ च्या डिसेंबरअखेर घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये त्याला तपासासाठी औरंगाबादकडे नेताना नगर जिल्ह्यात गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, असे पोलिसांनी लिहून ठेवले. त्याला कोठडीत पट्ट्याने मारताना आणि रक्ताची उलटी करताना पाहिल्याचे सहआरोपी असलेल्या एका डॉक्टरने सांगितले. मृतदेह कधीच मिळाला नाही, म्हणजे शवविच्छेदनही नाही. उरली फक्त तोंडी साक्ष आणि अपघाताची बनावट ठरलेली कहाणी. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने १४ पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारने मंजुरी दिली चौघांपुरती. त्यातले एक सचिन वाझे. २००५ मध्ये स्फोटाच्या खटल्यातून सहआरोपी निर्दोष सुटले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आईला एकूण २० लाख रुपये भरपाई दिली. निलंबित वाझे जून २०२० मध्ये सेवेत परतले आणि पुढच्या वर्षी वेगळ्याच प्रकरणात बडतर्फ झाले. मृत्यूच्या खटल्यात पहिल्या साक्षीदाराची साक्ष झाली ती जानेवारी २०१८ मध्ये. त्याने आणखी चार पोलिसांची नावे घेतली, त्यांना आरोपी करा असा अर्ज सरकारी वकिलांनी दिला आणि थोड्याच दिवसांत त्या वकिलांना खटल्यातून दूर करण्यात आले.

भरपाई ही जबाबदारीची सर्वांत सोपी बाजू. ती तिजोरीतून जाते, म्हणजे मृताच्या घरच्यांनीही भरलेल्या करातून. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारागृहातल्या अनैसर्गिक मृत्यूंसाठी ५ लाखांपर्यंतच्या भरपाईचे धोरण मंजूर केले. दोषी अधिकाऱ्याकडून ती रक्कम वसूल करण्याची मुभा न्यायालये अनेक निकालांत देतात. वसुली झाल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावातून पाहिले तर ही सारी यंत्रणा लांबची वाटते. शवविच्छेदनाचे तज्ज्ञ आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, जिल्हा न्यायालय जालन्यात. पण सर्वांत मोलाचा पुरावा पहिल्या २४ तासांत आणि तालुक्याच्या टप्प्यातच तयार होतो. घरातल्या माणसाला पोलीस घेऊन गेले तर अटकेच्या कागदावर वेळ वाचूनच सही करावी आणि प्रत मागावी. अटक नाही, नुसती चौकशी आहे, असे उत्तर मिळाले तर नेल्याची वेळ लिहून पोलीस अधीक्षक आणि न्यायदंडाधिकारी यांना लगेच अर्ज किंवा ईमेल पाठवावा. त्यावरची तारीख पुढे स्टेशन डायरीला उत्तर देते. वैद्यकीय तपासणीची प्रत मागणे हा हक्क आहे. भोकरदनच्या न्यायालयात हजर केल्यावर मारहाण झाली असेल तर वकिलामार्फत ती रोजनाम्यात नोंदवून घ्यावी. वकील परवडत नाही ही अडचण कायद्याने उरू दिलेली नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज किंवा १५१०० या क्रमांकावर एक फोन पुरतो.